आजोबांची कवळी आणि मी दिलेला दम

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय, डोकं ठिकाणावर नाहीये यार.

मागच्या आठवड्यात सासऱ्यांनी नवी कवळी लावली. त्यांचं बोलणं बोबडं झालं, तर माझी नऊ वर्षांची ओवी हसली आणि सगळ्यांना सांगत सुटली. मी तिला चांगलाच दम दिला. आजोबा कसंही बोलले तरी हसायचं नाही आणि कुणाला सांगायचंही नाही.

आज सकाळी दोघं पोहे खायला बसली. मी आत ऑफिसच्या कॉलवर होते. पाऊण तासाने बाहेर आले, तर सासऱ्यांचं तोंड वाकडं झालेलं आणि उजवा हात उचलता येत नव्हता. ओवी शेजारी बसून त्यांच्या हनुवटीवरचे पोहे रुमालाने पुसत होती.

डॉक्टर म्हणाले, स्ट्रोक आहे, नक्की कधी सुरू झालं ते सांगा. मला माहीत नव्हतं.

ओवी हळूच म्हणाली, "साडेआठला. आजोबांच्या हातून चमचा पडला आणि ते बोबडं बोलायला लागले."

"मग मला हाक का नाही मारलीस बेटा?"

"तूच म्हणाली होतीस, कुणाला सांगायचं नाही."

सासरे अजून आत आहेत. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर लगेच ओरडून बोलवायचं, हे तुम्ही मुलांना शिकवलंय का? मी तर गप्प बसायला शिकवलं.