दाभाडे सरांचा ग्लास

दाभाडे सर वाईट चित्र फाडत नसत. त्यावर चहाचा ग्लास ठेवत. बीडच्या बसस्थानकामागे त्यांची चित्रकलेची शिकवणी होती. चहाचे भुरके मारत ते आमच्यामधून फिरायचे आणि चित्र नापसंत पडलं की ओला ग्लास थेट कागदावर. तपकिरी गोल तेवढा मागे उरायचा. इतका उर्मट माणूस मी पुन्हा पाहिला नाही. माझ्याइतकी शिष्ट पोरगी त्यांनीही पाहिली नसावी. दोन वेण्या, खांद्याला शबनम आणि जन्मजात कलावंत असल्यासारखा चेहरा. आज समोर आली तर दोन ठेवून देईन.

माझ्या वडिलांचं, अप्पांचं, युसूफ वडगावात किराणा दुकान. त्याचा आतला भाग मी जलरंगात काढायला घेतला. दारात पांढरंफटक ऊन, आत काळोख, मध्ये काचेच्या बरण्या. जलरंगात उजेड रंगवायचा नसतो, तिथं कागद कोरा सोडायचा असतो. मी कसली सोडते! डब्यांवरची नावंसुद्धा रंगवली.

"हे चित्र हाय का सामानाची यादी?" सर म्हणाले. ग्लास.

पुढच्या चित्रात काळोख डांबरासारखा झाला. "दुकानाला आग लागलती का गं?" पुन्हा ग्लास.

त्याच्या पुढच्यावर तर बोललेही नाहीत. नुसताच ग्लास.

इकडे अप्पांनी सांगून टाकलं होतं, "सर चांगलं म्हणले तर कलाशाळेत जा. न्हाई तर लातूरचं स्थळ थांबलंय." ते स्थळ जेवताना बोटं चाटायचं आणि मध्येच मला हसून दाखवायचं. त्या धाकानं मी आणखी एक चित्र काढलं.

ते दाखवायच्या दिवशी अप्पा दुकान बंद ठेवून आले. देवळात उभं राहावं तसे हात जोडून माझ्या शेजारी उभे. सरांनी चित्र पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, परत चित्र पाहिलं. ग्लास हातातच.

"ठेवा की सर," अप्पा म्हणाले, "रोजच ठेवता म्हणं."

"यावर न्हाई ठेवत," सर म्हणाले. गार झालेला चहा घशात ओतला आणि पुढं गेले.

मी कलाशाळेत गेले. पुढं आयुष्यभर हीच गोष्ट नाक वर करून सांगितली. सर वारले तेव्हा शोकसभेतही हीच. म्हणजे सरांच्या शोकसभेत कौतुक माझं!

परवा माळा आवरताना ते चित्र सापडलं. चहा पीत नीट पाहिलं. ऊन दारातून आत येतंय आणि तराजूची सावली? दाराकडेच पडलीय! पहिलीतलं पोरही असं काढायचं नाही. आणि हे सरांना दिसलं नसेल? दिसलंच होतं. पण अप्पांचे जोडलेले हातही दिसले होते.

माझ्या हातात ग्लास होता. बरोबर त्या सावलीवर ठेवला. सरांचं राहून गेलं होतं.