साडूंचा समुद्र

प्रवास ही आपण करण्याची नसून दुसऱ्यांना करायला लावण्याची गोष्ट आहे, असं मानणारे आमच्या थोरल्या साडूंइतके कट्टर गृहस्थ अख्ख्या पिंपरी-चिंचवडात दुसरे नसतील. नात्यातलं कुणीही कुठंही निघालं की गाडी, मुक्काम, औषधं, सगळं तेच आखून देणार. स्वतः मात्र चिखलीतलं घर आणि चाकणची कंपनी यांच्या पलीकडे फारसे कधी गेले नाहीत. कंपनीत ते मेंटेनन्सला होते. मशीन बंद पडायच्या आधीच ते कशानं बंद पडेल याची काळजी करायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर मशिनं सुटली, काळजी सुटली नाही. "आन् बिघडलं तर?" हा त्यांचा लाडका प्रश्न. देहूला दर्शनाला निघाले तरी गाडीत दोन स्टेपन्या. मुलीच्या लग्नात तर त्यांनी दुसरे भटजी तयारीत बसवून ठेवले होते. पहिल्या भटजींना हे कळलं आणि त्यांनी रागाच्या भरात निम्म्या वेळात लग्न लावून टाकलं. साडू खूश! "बघा पाव्हणं, इस्टँडबाय असला की काम कसं चोख व्हतं."

माझ्या बायकोनं, म्हणजे त्यांच्या धाकट्या मेहुणीनं, भोसरीच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. प्रवाळबेटं तिनं फळ्यावर खडूनं किती वेळा काढली असतील, पण प्रत्यक्षात एकही पाहिलं नव्हतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी हिंडा-फिरा म्हणून सांगितलं, तेव्हा मी लक्षद्वीपचं नाव काढलं. ते साडूंच्या कानावर गेलं आणि सहल माझ्या हातातून गेली. परवान्याची चौकशी, कोचीहून सुटणारं जहाज, उलटीच्या गोळ्या, सगळं त्यांनी ताब्यात घेतलं. त्यातच त्यांनी शोधून काढलं, की जहाज बेटापर्यंत जात नाही. भर समुद्रात थांबतं आणि जहाजाच्या दारातून खाली हलत्या होडीत पाय टाकावा लागतो.

बायकोनं ते ऐकलं आणि आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "राहू दे. फळ्यावर पाहिली तेवढी पुरे." मी पुष्कळ समजावलं, पण बॅग पुन्हा माळ्यावर गेली. मला फार वाईट वाटलं. तिला गुडघ्याची नव्हे, स्वतःचीच खात्री उरली नव्हती.

साडूंना मात्र हा केवळ तांत्रिक प्रश्न वाटला. "ट्रायल न घेता न्हाई म्हणायचं न्हाई, शोभा," असं माझ्या बायकोला बजावून त्यांनी रविवारी आम्हाला चिखलीतल्या मित्राच्या वर्कशॉपवर नेलं. माल चढवायच्या ओट्याला टेम्पो लावला होता. दोन दांडगे कामगार त्याच्या बंपरवर नाचून तो गदागदा हलवत होते. आत साडू खलाशी होऊन हात पुढे करून उभे, शेजारी मिठाच्या पाण्याची बादली. "खारं पाणी उडाल्याबिगर समुद्र कसा वाटायचा?" म्हणून त्यांनी पहिला तांब्या माझ्या अंगावर रिकामा केला. बायको कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. "खाली जाताना पाय टाकायचा न्हाई. वर येऊ दे, वर येऊ दे... आता!" दुपारपर्यंत ती ओट्यावरून टेम्पोत अशी उतरायला लागली, की कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मी कपडे वाळवत बसलो होतो.

मग तो दिवस आला. जहाजाच्या दारात वारा, खाली निळंशार पाणी आणि वरखाली होणारी होडी. खलाशानं हात पुढे केला. बायको क्षणभर थबकली. तेवढ्यात ती साडूंच्या सुरात पुटपुटली, "वर येऊ दे, वर येऊ दे... आता!" आणि होडीत जाऊन बसलीसुद्धा. ट्रायल न घेतलेल्या मला मात्र दोन खलाशांनी गोणीसारखं उचलून ठेवलं.

परत आल्यावर साडूंनी पहिलं विचारलं, "काय बिघडलं?" काहीच नाही म्हटल्यावर जरा हिरमुसले. मग खुर्ची ओढून मेहुणीजवळ बसले. "खरंच तळ दिसतो का गं पाण्याचा?" ती सांगत राहिली: पांढरी वाळू, रंगीत मासे, पायाखालचं प्रवाळ. ते डोळे मिटून ऐकत होते. "आनखी सांग," म्हणाले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या माणसानं आजवर समुद्रच पाहिलेला नाही.

"तुम्ही का नाही आलात हो?" मी विचारलं.

"समदीच गेलो आन् काय झालं, तर धावायचं कुनी? तुमी गेल्यापास्नं फोन उशाला घिऊन बसलोय."

आमच्या आनंदाखाली हा माणूस असा टेकू देऊन उभा होता. म्हटलं, "आता तुम्ही आणि ताई जा. इथं मी थांबतो."

साडू हसले. "तुमी काय थांबताय पाव्हणं! तुमचा फोन कायम सायलेंटवर."

ते अजून निघालेले नाहीत. पण त्या दिवसापासून माझा फोन सायलेंटवर नसतो.