टाइम लागेल, पण होईल

कॅमेरा हातात दिला की काका आधी तो कानाला लावायचे. हलकेच हलवायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "साईं, टाइम लागेल, पण होईल." कॅमेरा पाण्यात पडलेला असो की गच्चीवरून, निदान हेच. मला सुरुवातीला तो देखावा वाटायचा. खरं सांगायचं तर अजूनही थोडा वाटतो.

उल्हासनगरच्या बाजारात, ब्लाउजपीसच्या दुकानाला खेटून या सिंधी काकांचं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक काउंटर, त्याच्यामागे ते आणि पुढे दोघं कसेबसे मावतील असं बाकडं. असं दुकान तुमच्याही बाजारात असेल. आपली वस्तू बिघडेपर्यंत ते आपल्याला दिसत नाही.

माझी बायको गेल्यावर काही महिन्यांनी तिचा छोटा कॅमेरा बंद पडला. चालू केला की लेन्स अर्धी बाहेर यायची, करकरायची आणि तिथेच अडकायची. कंपनीच्या सेंटरमधली मुलगी म्हणाली, "सर, हे मॉडेल बंद झालंय, पार्ट येत नाहीत." इंटरनेटवर शोधलं, तिथेही तेच. फोटो सगळे कॉम्प्युटरवर होते, तरी मला तो कॅमेरा चालू हवा होता. तिच्यामागे राहिलेल्या वस्तूंपैकी एक तरी चालू असावी, एवढंच. तेव्हा मला रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती. एमआयडीसीत ड्यूटी करायची, अंबरनाथ पश्चिमेला घरी यायचं, टीव्ही लावायचा आणि त्याच्याकडे बघत बसायचं. त्यात हा एकच हट्ट शिल्लक होता.

काकांनी कॅमेरा ऐकला. "बोर्ड ठीक आहे. लेन्स गेली. याची नवीन लेन्स दुनियेत नाय मिळणार. डोनर पाहिजे."

डोनर म्हणजे त्याच मॉडेलचा दुसरा मेलेला कॅमेरा. तो उघडायचा आणि त्यातलं शाबूत असेल ते आपल्यात घालायचं. पण काकांचा एक नेम होता. डोनरच्या मालकाने स्वतः काउंटरवर येऊन "घ्या" म्हटल्याशिवाय ते त्याच्या स्क्रूला हात लावत नसत. आणि दुरुस्त कॅमेरा परत देताना सांगत, "यात कुळगावच्या मास्तरांचा शटर आहे हां. सांभाळून वापर." गिऱ्हाईक बिचारं तिथे नसलेल्या मास्तरांना थँक्यू म्हणून निघून जायचं.

मी रविवारी चक्कर मारायचो. बाकड्यावर बहुतेक वेळा वांगणीचा एक शेतकरी बसलेला असे. पिशवीत काकांसाठी वांगी, नाहीतर काकड्या. त्याचाही कॅमेरा आत होता. कॅमेरा मुलाचा, आणि मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला, एवढंच त्याने एकदा सांगितलं. मीही माझं एवढंच सांगितलं. मग आम्ही चहा प्यायलो.

"काका, माझं काय झालं?"

"टाइम लागेल, पण होईल."

"आन् माझा?" वांगणीवाला विचारायचा.

"तुझा पण होईल, भाऊ. काकडी कडू नाय ना?"

शेजारचा ब्लाउजपीसवाला हसायचा. "इनको ना बोलना आता ही नहीं. स्वतःच्या लग्नात पण भटजीला 'टाइम लागेल' बोलले असतील."

काकाही हसायचे. चीनहून कधी भलताच पार्ट आला तर तो दिव्याखाली धरून, "लागेल कधीतरी," म्हणून डब्यात टाकायचे. माणूस एरवी बोलका. पण आम्ही दोघं शेजारी बसलो की त्यांची मान वर होत नसे. एकदा झाली. माझ्याकडे बघितलं, वांगणीवाल्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि म्हणाले, "चाय सांगू?" चहा नुकताच झाला होता.

उन्हाळ्यात काका गेले. दुकानातच छातीत दुखलं, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. ब्लाउजपीसवाल्याचा फोन आला की दुकान खाली करायचंय, तुमची वस्तू घेऊन जा. ऐकून मला काहीच वाटलं नाही. बरं म्हटलं आणि रिक्षा पकडली.

वांगणीवालाही आला होता. ब्लाउजपीसवाल्याने एकेक डबा काढून काउंटरवर मांडला. प्रत्येकावर मालकाचं नाव चिकटवलेलं. एका डब्यावर दोन नावं होती, माझं आणि वांगणीवाल्याचं.

आत पिवळ्या फडक्यात दोन कॅमेरे होते. मॉडेल एकच, रंगही एकच. एकाच्या पट्ट्याला बायकोने बांधलेली लाल लोकर होती आणि त्याची लेन्स अर्धवट बाहेर आलेली होती. दुसऱ्याची लेन्स आत नीट बसलेली.

"माझ्या पोराचा पान्यात परला होता," वांगणीवाला म्हणाला. "बोर्ड जळला. लेन्स चांगली हाय, बोलले होते काका."

माझा बोर्ड चांगला होता. आमच्या दोघांत मिळून एक कॅमेरा होत होता. एकच. त्यासाठी काकांना आमच्यापैकी एकाला विचारावं लागलं असतं, तुझ्या माणसाचा कॅमेरा दुसऱ्यासाठी उघडू का? ते त्यांना शेवटपर्यंत विचारता आलं नाही. दोघांनाही होईल, होईल म्हणत बसले.

"इचारला असता त मी दिला असता," वांगणीवाला म्हणाला.

"मीही दिला असता."

त्याने मुलाचा कॅमेरा माझ्यापुढे सरकवला. "घ्या."

मी बायकोचा त्याच्यापुढे सरकवला आणि तेच म्हणालो. काउंटरच्या पलीकडे ते ऐकायला कोणी नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं, आणि ते बायकोसाठी की काकांसाठी, हे मला कळलं नाही.

वांगणीवाल्याने तिचा कॅमेरा उचलला, कानाला लावला आणि हलकेच हलवला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"टाइम लागंल," तो म्हणाला.