कुहिलीची लव

बाबा नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. अठरा वर्षं त्यांनी तेच केलं होतं. मग एकोणीसशे बाहत्तरच्या सुमारास त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी फक्त अंगठा, मग मनगटापर्यंत. शिशाचा बारीक खिळा चिमटीतून सुटायचा आणि जुळवलेली ओळ विस्कटायची.

छापखान्याच्या फोरमनने त्यांना खिळ्यांवरून काढून कागदाचे गठ्ठे बांधायला बसवलं. एवढ्यावर थांबला असता तर मी त्याला विसरले असते. एकदा मी बाबांचा डबा घेऊन गेले, तेव्हा तो सगळ्यांसमोर स्वतःचा हात हलवून दाखवत होता.

"काहून गा, कापूस पिंजून राहिला का?"

सगळे हसले. बाबाही हसले. त्यांचं ते हसणं पाहिलं आणि मी डबा टेबलावर आपटून निघून आले. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते.

आईचं माहेर उमरेडकडचं. तिथे माझ्या मामाच्या शेताच्या कुंपणावर कुहिलीचा वेल चढलेला असायचा. खाजकुहिली म्हणतात तीच. मामाला तिच्याबद्दल सगळं ठाऊक होतं. मुळांचा काढा वातावर, शेंगेवरची लव गुळात घोळून पोटातल्या जंतांवर, आणि बिया अशक्तपणावर व हातापायांच्या कंपावर. आईने हे ऐकलं आणि माघात आम्ही दोघी तिथे गेलो.

बिया आईने घरी आणून दुधात उकळल्या. साल सुटेपर्यंत उकळायच्या, साल काढून टाकायची, ते दूधही फेकायचं. मग बिया सावलीत वाळवून कुटायच्या. सकाळ-संध्याकाळ एक लहान चमचा पूड कोमट दुधातून. बाबा तोंड वाकडं न करता घ्यायचे. दोन महिन्यांनी त्यांनी चहाची बशी न सांडता तोंडाला लावली, तेव्हा आई पाठ फिरवून चुलीतलं लाकूड उगाच पुढे-मागे करत राहिली. कंप पूर्ण गेला नाही, कधीच गेला नाही. पण हात ऐकायला लागला.

आईने बिया आणल्या. मी लव आणली. हाताला फडकं गुंडाळून, वाऱ्याकडे पाठ करून मी वाळक्या शेंगांवरची ती सोनेरी लव सुरीने खरवडली होती आणि तोंडाला लावायच्या स्नोच्या रिकाम्या बाटलीत भरली होती. बाटली आठ महिने माझ्या पेटीत होती. रोज पेटी उघडताना मी ती पाहायची.

दसऱ्याला छापखान्यात यंत्रांची पूजा असायची आणि कामगारांच्या घरची माणसं प्रसादाला जायची. फोरमनला घाम फार यायचा. त्याचा टॉवेल कायम त्याच्या खुर्चीच्या पाठीवर असे. आरती चालू होती, सगळ्यांची तोंडं यंत्राकडे होती. मी बाटली उघडली आणि टॉवेलावर झटकली. लव डोळ्यांत गेली तर, हा विचार माझ्या मनात आला होता. तरीही झटकली.

आरती संपल्यावर त्याने टॉवेल घेऊन मान पुसली, गळा पुसला. आधी एका बोटाने खाजवलं. मग दोन्ही हातांनी. मग सदऱ्याची बटणं तुटली. तो नळाकडे धावला, अंगावर पाणी ओतलं, आणि खाज छातीपर्यंत उतरली. भिंतीला पाठ घासत तो ओरडत होता, "मेलो रे, काही तरी करा!" सगळा छापखाना पोट धरून हसत होता. मी हसले नाही. मी नीट पाहत होते, कारण मला त्यातलं काही विसरायचं नव्हतं.

बाबाच पुढे झाले. मागच्या गोठ्यातून ताजं शेण आणून त्यांनी त्याच्या मानेला, छातीला फासलं. त्याच हाताने. शेण वाळल्यावर लव त्याच्यासोबत निघते, हेही मामाचंच.

घरी येताना अर्ध्या रस्त्यात बाबांनी विचारलं.

"तूच ना वं?"

"हो."

"काहून केलं?"

"तो तुमच्या हाताची नक्कल करत होता, बाबा."

ते थांबले. "डोळे गेले असते त्याचे."

"जाऊ द्या ना मग."

बाबांनी चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. पण त्यानंतर छापखान्यात एक गोष्ट झाली. फोरमन कोणाची टर उडवायला लागला की कोपऱ्यातून कोणीतरी हळूच मान खाजवायचा, आणि त्याचं तोंड बंद व्हायचं. पुढच्या उन्हाळ्यात लग्नपत्रिकांची कामं तुंबली, तेव्हा मालकाने बाबांना पुन्हा खिळ्यांवर बसवलं, मोठ्या अक्षरांच्या कामाला.

एवढ्याने माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही. कोणी केलं हे त्याला कळलंच नव्हतं.

नऊ-दहा वर्षांनी, माझं लग्न होऊन मी कामठीला राहत असताना, तो मला तिथल्या बस स्टँडवर दिसला. म्हातारा झाला होता, हातात पिशवी होती. मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"दसऱ्याला तुमच्या टॉवेलावर कुहिली मी टाकली होती."

त्याचा हात आपोआप मानेकडे गेला. "तू? मी काय केलं होतं वं तुले?"

"माझ्या बाबांची नक्कल."

"कोण तुझे बाबा?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. खाज आठवत होती, माणूस नाही. मी बाबांचं पूर्ण नाव सांगितलं. त्याने नकारार्थी मान हलवली. मी पुन्हा सांगितलं, या वेळी इतक्या मोठ्याने की बाकावरची माणसं वळून पाहायला लागली. तो पिशवी सावरत घाईघाईने नागपूरच्या बसमध्ये चढला. मी खिडकीपाशी गेले आणि तिसऱ्यांदा सांगितलं.