दुसऱ्या गेरमध्ये उतरणारा अनुप

माहा लहान भाऊ अनुप चौदा चक्क्याची गाडी चालवते, आन लाइनीतले ड्रायव्हर त्याले हसते. हे पहिलेच सांगून टाकतो, कारण दुसऱ्या कोणाकडून तुमच्या कानावर येईनच. गाडी त्याले मीच शिकवली. मी प्रेमदास, शिक्षण सातवी, स्टेरिंगवर चोवीस वर्सं. आसाम झालं, केरळ झालं, सगळीकडे माल पोचवून आलो. भरलेली गाडी बोळीतून उलटी काढतो त लोकं पाह्याले थांबते. कोणालेही इचारा.

अनुप माह्यापेक्षा अकरा वर्सानं लहान. दहावीत त्याचं गणित गेलं, तवा मी त्याले पिपरी मेघेले लायनरच्या दुकानात लावलं. लायनर म्हणजे ब्रेकच्या आतली जाड पट्टी, ड्रमले घासते तवा चाक थांबते. आठ वर्सं त्यानं तेच केलं. चाक खोलायचं, जळलेली पट्टी काढायची, नवी ठोकायची. लगन झालं तवा छायानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, तीन साबणं बदलून पाह्यले, त्याच्या अंगाचा जळका वास काही जाये नाई. मंग कंबर धरली त्याची, जमिनीवर बसणं होये नाई. मी म्हटलं चाल, स्टेरिंग धर, बसून काम आहे. बसून काम आहे हे मी कोण्या तोंडानं म्हटलं काय माहीत. सोळा सोळा तास बसून माह्याच पायाच्या शिरा फुगल्या आहेत.

आम्ही दोघं बंडूजीकडे. त्यायच्या तीन गाड्या, एक माह्याकडे, एक अनुपकडे. बुटीबोरीवरून लोखंडी सळाखा भरायच्या आन अमरावती, अकोल्याले खाली करायच्या. आठवड्यातून चार खेपा, कधी पाच. घरी फक्त आंघोळीले गेल्यासारखं होते.

कारंजा सोडलं का तळेगावच्या आधी घाट उतरा लागते. आमच्याकडचे लोकं तो न्यूटलमध्ये उतरते. गेर काढून घेतला का गाडी वजनानं आपोआप पळते, डिझल वाचते, टाइम वाचते. खाली येताना ब्रेक मारत राह्यचे, बस. मी चोवीस वर्सं असाच उतरलो आन माह्याइतका लवकर कोणी उतरत नाई, हेही सांगतो. अनुप वरतं थांबते. खाली उतरून चाकाभवताल फिरते. दुसरा गेर टाकते आन इंजिनच्या जोरावर गाडी धरून गुरगुरत खाली येते. मांगून हॉर्न वाजले का खिडकीतून हात दाखवते, जा बाप्पा तुम्ही.

बंडूजी घरी पलंगावर बसून मोबाईलवर गाडीचा ठिपका पाहते. त्यायले दिसे का माहा ठिपका तळेगावच्या पुढे गेला आन अनुपचा घाटातच आहे. उन्हाळ्यात त्यायनं मले घरी बोलावलं. म्हणे, तुह्या भावाचा माल रोज उशिरा पोचते, पार्टी मले बोलते. महिनाभर पाहतो, नाई सुधरला त चाबी काढून घेईन. मी छाती ठोकून सांगतलं का मी शिकवलेला पोरगा आहे, मीच सुधरवतो. चाबी गेली असती त अनुपले दुसरं काय होतं? दुकानात परत जाणं शक्य नाई, वावर नाई, त्याच्या पोरीची शाळा.

म्हणून एका खेपेले मी आपली गाडी उभी ठेवली आन त्याच्या गाडीत बसून गेलतो. दुपारचे तीन वाजले असन. घाटाच्या वर तो थांबला तसं मी बोलनं सुरू केलं. काऊन थांबतं, काऊन लोकायले हसवतं, माह्या नावाचा तरी इचार कर. त्यानं ऐकून घेतलं, उतरला, चाकं पाहून आला, दुसरा गेर टाकला. खालपर्यंत मी बोलत होतो आन तो होकारात मुंडी हलवत होता. अठरा गाड्या पुढे गेल्या. मी मोजल्या.

खाली सपाटीवर गाडी लावून तो म्हणे, "भाऊ, जरा खाली ये." चाकाजवळ नेलं. म्हणे, हात लाव. मी ड्रमजवळ हात नेला. कोमट होता, रोटी झाकून ठेवलेल्या डब्यासारखा.

"तुह्या चाकाजवळ घाट उतरल्यावर कधी हात नेला का?" त्यानं इचारलं.

मी म्हटलं, ड्रायव्हर हाय मी, मिस्त्री नोहो.

तो मुंडी हलवून गाडीत जाऊन बसला. त्याची ही सवय मले बिलकुल आवडत नाई.

दोन दिवसानं मी एकटाच माह्या गाडीवर तोच घाट उतरलो. न्यूटलमध्ये, नेहमीसारखा. खाली आलो, थांबलो, आन इकडेतिकडे पाहून चाकाजवळ गेलो. हात लावणं दूर, वीतभर अंतरावरूनच चटका लागे. वास आला. अनुपच्या अंगाले आठ वर्सं जो वास ये, तोच. मी परत कॅबिनमध्ये बसलो, पण गाडी चालू करावशी वाटे नाई. ब्रेक पहिल्यापेक्षा खोल जाऊन राह्यला, हे मले पायाले दोन महिन्यापासून समजत होतं. मी म्हणो पाय थकला असन.

कोणाले सांगतलं नाई. बायकोलेही नाई. आणखी तीन खेपा मारल्या, त्यातल्या दोन तशाच न्यूटलमध्ये. काऊन, ते मले आजही सांगता येत नाई. चोवीस वर्सं एका घडीत मोडत नाई, येवढंच.

महिना भरला. शनिवारी सकाळी बंडूजीनं दोघायले बोलावलं. अनुप चाबी खिशातून काढूनच उभा होता, भांडाची त्याची जातच नाई. बंडूजी मले म्हणे, तूच सांग प्रेमदास, दोन ड्रायव्हर, एकच घाट, तू वेळेवर पोचतं, हा काऊन नाई पोचत?

मी चूप राह्यलो असतो त माहं नाव जसंच्या तसं होतं.

"बंडूजी, चाबी मंग घ्या," मी म्हटलं. "पहिले दोन्ही गाड्यायचे चाकं खोला. माह्या गाडीचे आंधी."

"काऊन, काय झालं तुह्या गाडीले?"

"खोला, मंग दिसन."

दोन्ही गाड्या दुकानात नेल्या. अनुपच्या चाकातला लायनर वर्सभराचा होता, अर्ध्याच्या वरतं शिल्लक. माह्या गाडीचं चाक बंडूजी आन अनुपच्या डोळ्यादेखत खोललं. पट्टी काळी, काचेसारखी चकचकीत, दोन ठिकाणी तुटलेली. ड्रम निळा पडलेला, आन आतून बोटभर भेग. लायनर चार महिन्यापूर्वीच बदलला होता. मिस्त्री भेगेवर नख फिरवत राह्यला. बंडूजी वाकून पाहत होते. तीस टन सळाखा यावर उतरत होत्या, येवढंच म्हणे. आवाज लहान झालता त्यायचा.

मंग उभे झाले, अनुपले म्हणे, "चाबी ठेव खिशात." माह्याकडे पाह्यलं नाई. जाता जाता मिस्त्रीले सांगून गेले का प्रेमदासची गाडी पुरी खोल, सारे चाकं.

चार दिवस माही गाडी ठोकळ्यावर उभी होती आन मी तिच्या सावलीत बसून होतो. अनुप खेपेवर जाताना थांबला, काही खाल्लं का इचारलं. मी म्हटलं, जा, उशीर करू नोको. तो हसला. मले हासू आलं नाई.

आता मीही दुसऱ्या गेरमध्ये उतरतो. वीस मिनिटं लागते, इंजिनच्या आवाजानं डोकं भरून येते, पोरं हॉर्न मारत पुढे जाते. त्यायले वाटते म्हातारा झाला. त्यायले काय सांगता. खाली आल्यावर उतरतो, चाकाजवळ हात नेतो, कोमट लागला का चालत होतो. जिल्ह्यात अनुपसारखा ड्रायव्हर दुसरा नाई, हे मी कुठंही सांगतो, आन शिकवला मीच.