कवळीमास्तरांची रपेट

मास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. दाताच्या डॉक्टरांच्या इमारतीत, तळघरातल्या एका खोलीत बसून ते चौतीस वर्षं कवळ्या बनवत होते. डॉक्टर मंडळी त्यांना मास्तर म्हणायची, कारण मास्तर म्हटलं की माणूस तासभर जास्त थांबतो. वरून प्लास्टरचे साचे यायचे, साच्यावर एक आकडा खरवडलेला असायचा. मास्तर मेण लावायचे, दात बसवायचे, घासूनपुसून कवळी डबीत घालायचे आणि वर पाठवायचे. पुढे ती कुणाच्या तोंडात गेली, त्या तोंडाने काय खाल्लं, कुणाला शिव्या दिल्या, काही पत्ता लागायचा नाही. शहरातले तीनेक हजार लोक त्यांच्या दातांनी जेवत होते आणि त्यातला एकही मास्तरांनी पाहिला नव्हता.

सायकल जावयाची होती. इलेक्ट्रिक माउंटन बाइक, जाडजूड चाकांची. जावयाने ती डोंगर चढायला म्हणून घेतली. दोनदा चढला. तिसऱ्यांदा सायकल वरच राहिली आणि जावई एकटाच खाली आला, तोही लोळत. त्याचा खांदा जुळून येईपर्यंत लेकीने सायकल माहेरच्या जिन्याखाली आणून लावली. मास्तरांची बायको रोज बादली काढायला तिथे वाकायची आणि पॅडल तिच्या नडगीवर बसायचं. तीन महिने तिने सोसलं. मग एका शनिवारी ती म्हणाली, "अहो, एकतर हिला विका, नाहीतर चालवा. माझ्या नडगीवर आता जागा शिल्लक नाही."

जावयाची वस्तू विकायची कशी? म्हणून मास्तरांनी चालवायचं ठरवलं. घरापासून नदी हाकेच्या अंतरावर होती. काठाकाठाने नदी शहराबाहेर पडते तिथवर जायचं आणि जेवायला परत यायचं, असा बेत. बायकोने पिशवीत पाणी, सफरचंद आणि सायकलचा चार्जर कोंबला. चार्जरचं ओझं नको म्हणून मास्तरांनी कुरकुर केली. तिने फक्त त्यांच्याकडे पाहिलं. चार्जर पिशवीतच राहिला.

एकसष्टाव्या वर्षी माणसाने फुशारकी मारू नये हे खरं, पण पहिल्याच पॅडलला सायकल अशी उसळली, की मास्तरांना वाटलं ही ताकद आपल्याच मांड्यांतली आहे. धोबीघाटामागच्या चढावर घट्ट चड्ड्या घातलेले तीन तरुण साध्या सायकलींवर धापा टाकत होते. मास्तर त्यांच्या बाजूने नाकाने श्वास घेत वर गेले आणि जाता जाता "दमलात का?" असं विचारूनही गेले. मागून जे उत्तर आलं ते वाऱ्याने अर्धंच पोहोचलं, तेवढं पुरे होतं.

नदी काही चित्रातली नव्हती. चहात बिस्किट विरघळावं तसा पाण्याचा रंग, आणि मैलापाण्याच्या पंपघरापाशी असा वास की मास्तरांनी तिथे सगळा जोर लावला. पुढे मात्र काठ मोकळा झाला. पाणकावळे पंख पसरून बसले होते, एक म्हातारा गळ टाकून पेंगत होता, आणि खाचखळग्यांतून उडत जाताना मास्तर चक्क ओरडत होते. हँडलपाशी छोट्या पडद्यावर पाच उभ्या रेघा होत्या. त्या मोबाइलच्या रेंजसारख्या काहीतरी असतील असं समजून त्यांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मोटरचा जोर मात्र सुरुवातीपासून पुरता वर ठेवला होता.

अठराव्या किलोमीटरला शेवटची रेघ गेली आणि सायकलचा एकदम रेडा झाला. पंचवीस किलोचा रेडा, मास्तरांनी पाऊण तास ढकलला. अखेर पलीकडे जाणाऱ्या लाँचचा धक्का आला. तिथे पत्र्याच्या खोपटात तिकिटं देणाऱ्या बाई बसल्या होत्या: थोराड अंगाच्या, डोक्यावर टोपी, पुढ्यात नाण्यांचा डबा. मास्तरांनी चार्जर दाखवून विजेची विनंती केली. बाईंनी पंख्याची पिन काढली, चार्जर लावला आणि पंखा गेल्याबद्दल मास्तरांनाच पुठ्ठ्याने वारा घालायला बसवलं.

आभार म्हणून मास्तरांनी सफरचंद पुढे केलं. बाईंनी ते कापलं वगैरे नाही, पुढच्या दातांनी सरळ कचकन तोडलं. मास्तरांचा हात थांबला. वरच्या ओळीत, मधल्या दोन दातांच्या डावीकडचा दात किंचित तिरका होता. केसभर. तो तिरकेपणा जन्मजात नव्हता. सगळे दात रांगेत उभे केले की कवळी ओळखू येते, म्हणून मास्तर प्रत्येक कवळीत तो एक दात जरा वळवायचे. त्यांची सही होती ती. चौतीस वर्षांत ती त्यांना पहिल्यांदाच चावताना दिसली. डोळे भरून आले.

"काय बघताय टक लावून?" बाई म्हणाल्या. "घरी कुणी नाही का?"

मास्तर गडबडले. दाताबद्दल काहीतरी पुटपुटले.

"दिसला ना तुम्हालाही?" बाई एकदम तापल्या. "आठ वर्षं झाली. हा वाकडा बसवणारं गाढव भेटलं, तर मी त्याला या धक्क्यावरून पाण्यात टाकणार आहे."

खोटं बोलणं सोपं होतं. आपण शिंपी आहोत, असं सांगून पुठ्ठा हलवत बसता आलं असतं. पण मास्तरांच्या कामाबद्दल आजवर कुणी चांगलंवाईट काहीच बोललं नव्हतं, हे पहिलंच. "तो मी," ते म्हणाले.

बाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मास्तरांनी घाईघाईने सहीचं शास्त्र सांगितलं: देवसुद्धा इतकं सरळ काम करत नाही, तिरक्या दातामुळे बत्तिशी खरी वाटते.

"मी अडुसष्ट वर्षांची आहे. लोकांना काय वाटणार, दुधाचे दात आहेत?" बाई म्हणाल्या. "माझे स्वतःचे पट्टीने आखल्यासारखे होते. माझ्या सासूने ज्यात खोड काढली नाही, अशी माझी ती एकच गोष्ट. आणि ते पडल्यावर ती खोड तुम्ही काढलीत."

मास्तरांनी शास्त्र सोडलं आणि विचारलं, की चावताना दुखतं का. उजवीकडे आत टोचतं, असं कळलं. बाईंनी कवळी काढली, पाण्याने धुतली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. मास्तरांनी हजारो कवळ्या हाताळल्या होत्या, सगळ्या गार. ही तोंडातून आलेली, कोमट होती. त्यांनी सायकलच्या सीटखालची पंक्चरची पिशवी उघडली, त्यातला पॉलिश पेपर काढला आणि टोचणारी कड हळूहळू घासली. लाँच आली, लोक तिकिटांसाठी उभे राहिले. बोळक्या तोंडाच्या बाईंनी बोटांनीच भाव सांगितला. कवळी परत बसवल्यावर त्यांनी उरलेलं सफरचंद उजव्या बाजूने खाल्लं, बियांसकट.

"मंगळवारी माझी सुट्टी असते," त्या म्हणाल्या. "पत्ता लिहून द्या."

मास्तर दुपार उलटून गेल्यावर घरी पोचले. बायको ताट वाढत होती. एका बाईचं तोंड बघत बसलो होतो, असं त्यांनी खरं ते सांगितलं. तिने आमटी गरम करायला ठेवली होती, ती परत खाली उतरवली.

मंगळवारी तिकीटवाल्या बाई तळघरात आल्या. मागोमाग वरचे मोठे डॉक्टर आले. पेशंटने लॅबमध्ये यायचं नसतं, असं ते समजावू लागले. बाईंनी त्यांच्या हातात आपली पिशवी धरायला दिली आणि मास्तरांसमोर बसल्या. दीड तास लागला. दात सरळ झाला. मास्तरांना ती ओळ न्हाणीघरातल्या फरशांसारखी दिसत होती. बाईंनी आरशात पाहिलं, ओठ वर केले, खाली केले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मास्तर "छान दिसतंय" म्हणाले.

"झालं?" डॉक्टरांनी पिशवी पुढे करत विचारलं.

"माझं झालं," बाई म्हणाल्या. "माझी नणंद जिन्यात बसलीय. शिंकली की तिची खालची बाहेर येते."

मास्तरांनी स्टूल पुसलं.