'खाली' लिहिलेली डबी

माझ्या मुलीने कॅमेऱ्याचं एक कार्ड पुसलं, कारण त्याच्या डबीवर मी माझ्या हाताने 'खाली' असं लिहून ठेवलं होतं. तिला दोष देता येत नाही. ती जयपुरात वाढली, देवनागरी शिकली ती हिंदीच्या तासाला. तिच्या दृष्टीने खाली म्हणजे रिकामं. मला म्हणायचं होतं, खालचं गाव.

त्या गावाचं नाव मोंदोवी. उत्तर इटलीत आहे. एकच गाव, पण दोन तुकड्यांत. टेकडीवर मोठा चौक, देवळासारखं भरगच्च रंगवलेलं चर्च, घड्याळाचा मनोरा. पायथ्याशी नदी, अरुंद गल्ल्या, दुकानं. दोन्हींच्या मधे एक छोटी गाडी चढते-उतरते, लोखंडी दोराने ओढलेली. मी रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. साताऱ्याकडून बदलीवर जयपूरला आलो आणि इथेच राहिलो. नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी सांगानेरला कापडावर ठप्पे मारणाऱ्या छिप्यांचे, ब्लू पॉटरीवाल्यांचे फोटो काढायचो. निवृत्तीनंतर तेच काम झालं. इटलीतली जुनी गावं आणि तिथले हाताने काम करणारे लोक बघायचे, असं बरीच वर्षं मनात होतं. शेवटी आम्ही दोघं गेलो.

त्या गाडीपाशी बायको थांबली.

"अहो, हिला इंजिन कुठंय?"

"इंजिन नसतं. वरून दोर ओढतो."

"मग तुम्ही जा. जन्मभर रेल्वेवाल्याच्या घरात राहिले, बिनइंजिनाच्या गाडीत बसायची नाही मी. वरचं सगळं तुमचं, खालचं माझं. मनोऱ्याला माझा नमस्कार सांगा."

मी वर गेलो. चार तास मनसोक्त फोटो काढले. आकाश स्वच्छ होतं, लांबवर बर्फाचे डोंगर दिसत होते. चौकातल्या भिंतींवर सूर्यघड्याळं रंगवलेली होती आणि त्यांवरच्या सावल्या सरकताना मी माणसांची वाट बघत बसलो. हे सगळं मला नीट आठवतं.

खाली आलो तर बायको एका कुंभारणीच्या दुकानात. दुकान कसलं, एक लांब टेबल आणि छतापर्यंत फळ्या. पांढऱ्या ताटल्यांवर एक म्हातारी बाई कोंबडा रंगवत होती. काठाची पानं मात्र ती कुंचल्याने काढत नव्हती. स्पंजचे तुकडे पानाच्या आकाराचे कापलेले होते, ते हिरव्या रंगात बुडवून टेकवायची. बायकोच्या हातातही असाच एक तुकडा होता.

"या. हा तर आपला सांगानेरचा ठप्पाच की हो. लाकडाच्या जागी स्पंज, एवढंच."

दोघींची एकही भाषा सारखी नव्हती. बायको सरळ मराठीत बोलत होती, बाई तिच्या भाषेत. ताटलीवर बोट ठेवून बायकोने शिकवलं, "कोंबडा." बाई म्हणाली, "कोम्बादा." बायको म्हणाली, "चालेल, उडाला नाही म्हणजे झालं," आणि स्वतःच हसली. मी कार्ड बदललं आणि फोटो काढायला लागलो. साठेक तरी काढले असतील. संध्याकाळी खोलीवर आल्यावर दोन डब्यांवर चिकटपट्टी लावून लिहिलं: एकीवर 'वर', दुसरीवर 'खाली'. गावाचं नाव लिहिण्याची गरज वाटली नाही. मला कळणार होतं.

जयपूरला परतल्यावर आठवड्याभरात बायको आजारी पडली. 'वर'चे फोटो तोवर संगणकावर उतरवून झाले होते. 'खाली' राहिलं. आधी दवाखान्याच्या फेऱ्या होत्या. ती गेल्यावर ते उघडायचा धीर झाला नाही. मग असं वाटायला लागलं, की राहू दे. मला चांगल्या पुस्तकाची शेवटची काही पानं राखून ठेवायची सवय आहे. ही साठ पानं वर्षश्राद्धाच्या दिवशी मुलीला शेजारी बसवून बघू, असं मी ठरवलं. मुलीला हे सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

मुलगी तिलक नगरला राहते. नातीच्या शाळेत नाच होता म्हणून ती मालवीय नगरला माझ्याकडे कॅमेरा न्यायला आली. मी आतल्या खोलीत वाचत पडलो होतो. तिने बाहेरून विचारलं, "बाबा, हे वर काय आहे? इटलीत कुणाचं लग्न पण शूट केलं का तुम्ही? दूल्हा?"

मला हसू आलं. वर म्हणजे नवरदेव! बऱ्याच दिवसांनी हसलो होतो. "अगं, ते ठेव, ते माझं आहे," मी म्हणालो.

"मग दुसरं घेते. खाली आहे ना?"

"हो, खाली आहे," मी म्हणालो. मला वाटलं, ती विचारतेय की डबी कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे का. तिथेच होती.

तिने ते कार्ड घातलं, कॅमेऱ्याने विचारलं, तिने सगळं पुसलं आणि पाऊण तासाचा नाच चित्रित केला. दोन दिवसांनी कॅमेरा परत आला तेव्हा मी सहज सुरू केला. पडद्यावर घागरे घातलेल्या मुली गोल फिरत होत्या.

बाजारात पुसलेले फोटो परत काढून देणारा एक दुकानदार आहे. त्याने कार्ड ठेवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी बोलावलं. "अंकलजी, व्हिडिओ नसता ना, तर सगळे आले असते," तो हिंदीत म्हणाला. नऊ फोटो निघाले होते. सहांत फक्त ताटल्या. दोनांत बाईचे रंगाने भरलेले हात. नवव्यात छताजवळच्या फळ्या स्पष्ट, त्यांवरचे कोंबडे स्पष्ट, आणि तिथून पुढे सगळा करडा पट्टा. फोटो वरून भरत येतो, त्याने समजावलं, खालचा भाग नाचाखाली गेला. मी चौकट अशी धरायचो, की माणूस नेहमी खालच्या भागात यावा. त्याला म्हणालो, अजून थोडं बघा. तो म्हणाला, दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघा, असं मी विनवलं. त्याने माझ्यासमोर पुन्हा करून दाखवलं. तोच करडा पट्टा आला.

मुलीला मी सांगणार नव्हतो. पण वर्षश्राद्ध जवळ आलं तशी तीच म्हणाली, "बाबा, आईचा एखादा नवीन फोटो लावू या ना. इटलीचा. तो हॉस्पिटलच्या आधीचा." मी दोन-तीन दिवस टाळलं. मग ती घरी आली आणि मला खोटं सुचेना. डबी तिच्यासमोर ठेवली.

तिने वाचलं. "हो, खाली. तेच तर..." ती थांबली. मग हळूच म्हणाली, "खाली मतलब... नीचे?"

मी मान हलवली.

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. डबी उघडून बंद करत राहिली. "मी विचारलं होतं तुम्हाला," एवढंच म्हणाली. खरं होतं ते. मी हो म्हणालो होतो.

मग डबी बाजूला ठेवून तिने विचारलं, "मग तुम्ही सांगा मला. कशी बसली होती? काय घातलं होतं?"

मी सांगायला लागलो. उजेड डावीकडच्या खिडकीतून येत होता. टेबल ओकचं असावं. स्पंजचे तुकडे एका फुटक्या कपात होते. बाईच्या अंगठ्याला जुना व्रण होता. मुलगी ऐकत होती. "आणि आई?" तिने विचारलं.

"स्टुलावर बसली होती. निळा स्वेटर होता."

"निळा स्वेटर तिने इटलीला जायच्या आधीच मला दिला, बाबा. माझ्याकडे आहे."

मी डोळे मिटले. मला कॅमेऱ्याच्या चौकटीच्या चार कडा दिसल्या. उजेड किती होता ते आठवलं, लेन्स कोणती लावली होती तेही. ती कुठल्या रंगात होती, केस बांधलेले होते की मोकळे, ते आठवेना. मी ते बघितलंच नव्हतं की काय? साठ वेळा मी तिच्याकडे डोळा लावला होता, आणि तो कॅमेऱ्यातून.

"आठवा ना," मुलगी म्हणाली. तिने टाळं घातल्यासारखी मूठ माझ्या मनगटावर आवळली होती. "सावकाश आठवा. मी बसलेय."

मी आठवत राहिलो.